‘नाइस सेशन’च्या पुढचा फीडबॅक कसा मिळवायचा

प्रश्न असा होता: पुण्यात दोन वर्षं आम्ही एक दिवसाची वेब डेव्हलपमेंट कॉन्फरन्स भरवतो. दोन हॉल, चौदा टॉक, दोनशेच्या वर माणसं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फॉर्म मेल करतो. उत्तरं येतात तीस-पस्तीस, त्यातली निम्मी ‘नाइस सेशन’, ‘व्हेरी इन्फॉर्मेटिव्ह’ अशी. प्रत्येक टॉकला पाचपैकी किती स्टार पडले त्याची सरासरी काढतो, पण पुढच्या वर्षी कोणाला बोलवायचं हे तिच्यावरून ठरवायला बसलो की भांडणं होतात. शिवाय यातलं स्पीकरना काय आणि कसं कळवायचं?

मी बारा-तेरा वर्षं पुण्यात मीटअप आणि कॉन्फरन्स भरवणाऱ्यांमध्ये आहे. कधी प्रोग्रॅम कमिटीत, कधी स्टेजवर आणि बऱ्याचदा ऐन वेळी एचडीएमआयचा कन्व्हर्टर शोधत. फीडबॅकचे गठ्ठे पुष्कळ वाचलेत, माझ्या स्वतःच्या टॉकवरचेही. त्यावरून सांगते, श्रोता टॉकबद्दल जी तक्रार करतो तिच्यातला मोठा वाटा आयोजकांचा असतो. शीर्षक आपण बदललं, खोली आपण चुकीची दिली, आधीचं सेशन लांबलं म्हणून दहा मिनिटं आपण कापली, आणि मार्क गेले स्पीकरचे. म्हणून ‘पुढच्या वर्षी कोणाला बोलवायचं’ हे फीडबॅकला सगळ्यात शेवटी विचारा. आधी ‘आपलं काय चुकलं’ ते विचारा.

हे मी शिकले एका टॉकमुळे. सर्व्हिस वर्करवर होता, म्हणजे ब्राउझरमध्ये पडद्यामागे चालणारी आणि नेट नसतानाही काम चालू ठेवणारी स्क्रिप्ट. मुलगा सांगलीकडचा, छोट्या कंपनीत कामाला, कॉन्फरन्सच्या स्टेजवर पहिल्यांदाच. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नेट असून नसल्यासारखं. तिथे उसाच्या गाडीची नोंद ब्राउझरमध्येच साठवायची आणि रेंज आली की आपोआप सर्व्हरला पाठवायची (याला बॅकग्राउंड सिंक म्हणतात), असं काम त्याने खरोखर केलं होतं. त्याने प्रपोजलमध्ये लिहिलेलं शीर्षक साधं होतं: ‘वजनकाट्यावर नेट नसताना ब्राउझर ॲप चालवणं’. आम्हाला ते पोस्टरवर शोभेना. आम्ही केलं ‘सर्व्हिस वर्कर्स: अ डीप डाइव्ह’. फीडबॅक काय आला असेल?

‘खूप बेसिक होतं. डीप डाइव्ह म्हणून आलो होतो.’

‘सगळं डोक्यावरून गेलं. आधी सर्व्हिस वर्कर म्हणजे काय ते तरी सांगायचं.’

‘कारखान्याचा भाग एक नंबर. तोच अर्धा तास चालला असता.’

‘कोड दिसलाच नाही.’

‘आयफोनवर सफारीत बॅकग्राउंड सिंक चालत नाही. तिथे काय केलं ते सांगितलं नाही.’

स्टार मोजले तर टॉक मधल्या फळीतला. वाचून बघा मात्र. पहिल्या दोन तक्रारी एकमेकींच्या उलट आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत, कारण आमच्या शीर्षकाने मुरलेल्यांनाही बोलावलं आणि नवख्यांनाही. तिसरी सांगते की मुलाचं मूळ शीर्षक बरोबर होतं. चौथी आमची, त्या हॉलच्या खिडक्यांना पडदे नव्हते आणि काळ्या पार्श्वभूमीवरचा कोड दुपारी बाराच्या उजेडात पुसला गेला होता. त्या मुलाच्या पदरात पडण्यासारखी तक्रार फक्त पाचवी, आणि ती सोन्यासारखी होती.

आता फॉर्मकडे येऊ. दुसऱ्या दिवशी मेल केलेला फॉर्म हा टॉकवरचा फीडबॅक नसतोच. तो दिवसावरचा असतो. जेवणातला पनीर, पार्किंग, टी-शर्टचा साइझ आणि शेवटच्या सेशनमधले विनोद, हे सगळं मिळून जे वाटतं ते माणूस सकाळी साडेदहाच्या टॉकच्या नावावर लिहितो. ॲक्सेसिबिलिटीवर बोललेली व्यक्ती कोणती आणि सीएसएसच्या कंटेनर क्वेरीवरची कोणती, हे त्याला चोवीस तासांनी आठवत नाही. मलाही आठवत नाही.

त्यामुळे मत घ्यायचं ते दारात. ऑस्लोची एनडीसी ही डेव्हलपरांची कॉन्फरन्स हे फार साधेपणाने करते: हॉलमधून बाहेर पडताना हिरवा, पिवळा किंवा लाल कागद डब्यात टाकायचा. ना नाव, ना लॉगिन. आम्ही त्याची नक्कल केली. अप्पा बळवंत चौकातून तीन रंगांची कार्डशीट आणली, तिथेच कटरवर व्हिजिटिंग कार्डाएवढी कापून घेतली आणि घरातले बुटांचे खोके वरून चिरून दाराशी ठेवले. पहिल्या सेशनला फजिती झाली. खोका आणि कार्डं एकाच टेबलावर होती, त्यामुळे लोक टेबलापाशी थांबून विचार करू लागले, मागे गर्दी झाली आणि चहाची वेळ संपत आली तसे सगळे खोक्याला वळसा घालून पळाले. दुसऱ्या सेशनपासून प्रत्येक खुर्चीवर तीन कार्डं आधीच ठेवली आणि बाहेरचा एकच दरवाजा उघडा ठेवला. मग मात्र नव्वदेक डोक्यांमागे सत्तरेक कार्डं यायला लागली. तुमच्या तीस-पस्तीस फॉर्मांशी ताडून बघा.

दाराशी उभा राहणारा व्हॉलंटियर गप्प बसणारा निवडा. आमचा एक उत्साही पोरगा ‘दादा हिरवं टाका, हिरवं’ म्हणून प्रत्येकाच्या हातात कार्ड देत होता. स्पीकर त्याचा रूममेट होता. आणि स्पीकरला दाराशी उभं राहू देऊ नका. समोर माणूस हात मिळवायला उभा असताना लाल कार्ड टाकायची छाती आपल्याकडे कोणाची होत नाही.

हिरवं-लाल किती ते मोजाच, पण त्याहून जास्त मोजा हॉलमध्ये किती जण होते आणि मधेच किती उठले. अर्ध्यावर उठून गेलेला माणूस कार्ड टाकत नाही, फॉर्मही भरत नाही. त्याचं मत खुर्चीवर राहिलेल्या तीन कार्डांत असतं. एक व्हॉलंटियर मागे बसवून दहाव्या आणि तिसाव्या मिनिटाला डोकी मोजायला सांगा. दिवसाच्या शेवटच्या सेशनला हा आकडा जुळणार नाही हे गृहीत धरा. हिंजवडीकडे परतणारी मंडळी साडेचारनंतर घड्याळ बघायला लागतात आणि त्यात स्पीकरचा काही दोष नसतो.

कार्डाने दिशा कळते, कारण कळत नाही. कारणासाठी फॉर्म हवाच, फक्त तो टॉक संपायच्या आत लोकांच्या मोबाइलवर उघडलेला पाहिजे. ड्रुपलकॉनमध्ये (ड्रुपल ही वेबसाइट बांधायची प्रणाली वापरणाऱ्यांची कॉन्फरन्स, आपल्याकडे २०१६ च्या फेब्रुवारीत पवईला आयआयटीत झाली होती) स्पीकरच्या स्लाइडमध्येच सेशनचं मूल्यमापन करा असं सांगणारी एक ठरलेली स्लाइड असायची. कल्पना उत्तम. पण शेवटची स्लाइड म्हणजे आपल्याकडे ‘थँक यू, एनी क्वेश्चन्स?’, आणि तेवढ्यात लॅपटॉपची वायर निघालेली असते. क्यूआर कोड मी खुर्चीच्या पाठीवर चिकटवते आणि सूत्रसंचालकाला सांगते: टाळ्या झाल्या की ‘दोन मिनिटं सगळ्यांनी फोन काढा’ असं म्हण आणि खरोखर दोन मिनिटं गप्प उभा राहा. ही शांतता आयोजकांना फार टोचते. तरी भरू नका ती. त्या दोन मिनिटांत जेवढं येतं तेवढं पुढच्या आठवड्याभरात येत नाही. हॉलचं वायफाय तोवर मान टाकणार हे धरून चला आणि फॉर्म मोबाइल डेटावर पटकन उघडेल इतका हलका ठेवा. वेब परफॉर्मन्सवर टॉक ठेवणाऱ्यांचा फॉर्म उघडायला आठ सेकंद लागतात, हे मी पाहिलंय.

फॉर्मवर मी तीनच प्रश्न ठेवते. ‘काय ऐकायला मिळेल असं समजून आलात?’ ‘सोमवारी ऑफिसात गेल्यावर यातलं काय करून बघाल?’ आणि ‘धागा कुठे सुटला?’

तिसऱ्या प्रश्नाच्या जागी पूर्वी ‘काय सुधारता येईल?’ असं असायचं. त्याला उत्तर यायचं ‘नथिंग, ऑल गुड’. आपली माणसं भिडस्त. समोरच्याने कष्ट केलेत, फुकट बोललाय, त्याला नावं कशी ठेवायची? पण ‘धागा कुठे सुटला’ यात माणूस स्वतःबद्दल सांगत असतो, म्हणून भीड पडत नाही. ‘वेबपॅकच्या कॉन्फिगवर गेला तिथे’, ‘लाइव्ह डेमोत एरर आला आणि पाच मिनिटं तो पाठमोरा टाइप करत होता तिथे’. अशी दहा उत्तरं एकाच जागेवर बोट ठेवतात तेव्हा स्पीकरला काही समजावून सांगावं लागत नाही.

पहिला प्रश्न मात्र तुमच्यासाठी आहे. त्याची उत्तरं छापलेल्या गोषवाऱ्याशेजारी ठेवून वाचा. वजनकाट्याच्या टॉकला हा प्रश्न विचारला असता तर आमची शीर्षकाची चूक त्याच संध्याकाळी कळली असती.

फॉर्मच्या डोक्यावर एक ओळ टाका: मराठी, हिंदी, इंग्रजी, कशातही लिहा, रोमन लिपीत मराठी लिहिलंत तरी चालेल. टॉक इंग्रजीत झाला म्हणून फॉर्म इंग्रजीत, मग उत्तरही इंग्रजीत, आणि इंग्रजीत पटकन सुचतं ते ‘नाइस सेशन’. हीच मंडळी चहाच्या कपाशी मराठीत दहा मिनिटं टॉकची चिरफाड करत असतात. ती ओळ टाकल्यावर मला आलेलं एक उत्तर: ‘तो सांगत होता ते भारी असणार कारण पुढच्या दोन रांगा माना डोलवत होत्या. आम्हाला मागे फक्त पंख्याचा आवाज.’ इंग्रजीत हे कोणी लिहिलं नसतं.

आता सगळ्यात मोठी घाण, जी तुमच्याकडे असेल असा मला दाट संशय आहे. फॉर्म भरल्याशिवाय सर्टिफिकेट मिळणार नाही, असं केलंय का? कॉलेजात कॉन्फरन्स असली की हे हमखास असतं. विद्यार्थी सकाळी नऊ वाजता, पहिला टॉक सुरू व्हायच्या आत, चौदाच्या चौदा टॉकना पाच-पाच स्टार देऊन मोकळे होतात. एकदा आम्ही फॉर्मच्या वेळा तपासल्या तेव्हा न झालेल्या सेशनला आलेले स्टार सापडले. स्पीकरची फ्लाइट चुकली होती, टॉक रद्द झाला होता, आणि तरी तो ‘व्हेरी इन्फॉर्मेटिव्ह’ होता. सर्टिफिकेट हजेरीवर द्या. फीडबॅकवर लकी ड्रॉ, स्टिकर, काहीही ठेवू नका. कमी उत्तरं येतील, पण ती माणसांची असतील.

सरासरीचं भांडण वेगळं सोडवायची गरज नाही, ती काढायचीच बंद करा. बारा जणांनी मिळून साडेचार सरासरी दिलीय. तेरावा येतो, त्याला एसी लागत होता, तो एक स्टार देतो. सरासरी ४.२३. एका माणसाच्या सर्दीने टॉक यादीत दुसऱ्यावरून सातव्यावर. आणि तुम्ही त्या सातव्या नंबरावरून कमिटीत तासभर वाद घालताय. बारा-पंधरा उत्तरांत दशांश चिन्हानंतरचा आकडा हा निव्वळ शोभेचा असतो.

तसंच ते ‘मित्राला सुचवाल का, ० ते १०’ वालं. फ्रेड रायशहेल्ड यांनी २००३ मध्ये कंपन्यांच्या ग्राहकांसाठी मांडलेलं ते माप आहे. त्यात नऊ-दहा देणारा तो तुमचा प्रचारक, सहा किंवा खाली देणारा विरोधक. आपल्याकडे साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. त्या हिशोबात वाढलेला माणूस खूश होऊन सहा देतो आणि तुमच्या एक्सेलमध्ये विरोधक म्हणून बसतो.

स्टार आणि हिरवी कार्डं नेमकं काय मोजतात, याबद्दल एक जुना प्रयोग प्रत्येक प्रोग्रॅम कमिटीला माहीत असावा. अमेरिकेत १९७० च्या सुमाराला मायकल फॉक्स नावाच्या नटाला ‘डॉक्टर फॉक्स’ म्हणून मानसोपचार आणि वैद्यकीय शिक्षणातल्या तज्ज्ञांसमोर उभं केलं. विषय होता गणिती गेम थिअरीचा वैद्यकीय शिक्षणात उपयोग. त्याला विषयातलं काही येत नव्हतं. परस्परविरोधी विधानं, बनवलेले शब्द आणि भरपूर विनोद, हे ठरवून. श्रोत्यांनी दिलेला अभिप्राय बहुतांशी चांगला होता. १९७३ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

आमच्याकडचा डॉक्टर फॉक्स मुद्दाम फसवणारा नव्हता, बिचारा नुसता गाफील होता. २०२४ च्या पावसाळ्यात वेबसाइटच्या वेगावर टॉक झाला. माणूस स्टेजवर तरबेज, मीम छान, हॉल हसून लोटपोट, खोका हिरवागार. त्याने सांगितलेल्या तीन मापांपैकी एक होतं एफआयडी, पहिल्या क्लिकला ब्राउझर किती उशिरा हात घालतो ते. गुगलने त्याच वर्षी मार्चमध्ये ते कोअर वेब व्हायटल्समधून, म्हणजे पान वापरायला कसं वाटतं ते मोजणाऱ्या आपल्या ठरलेल्या मापांमधून, काढून त्याच्या जागी आयएनपी आणलं होतं. म्हणजे पहिल्याच नव्हे, भेटीतल्या सगळ्या क्लिक-टॅपना पान किती लवकर दाद देतं ते बघायचं, आणि चांगलं म्हणायचं तर २०० मिलिसेकंदांच्या आत. शंभरेक माणसांत हे लिहिणारी एकच कॉमेंट: ‘एफआयडी गेलं ना मार्चमध्ये? की मी चुकतोय?’ तिलाही शेवटी प्रश्नचिन्ह!

अशा कॉमेंटसाठी माझा वेगळा ढीग असतो. तो त्याच रात्री वाचायचा. तिथे ‘किती जणांना वाटलं’ हा हिशोबच नाही. एकाने लिहिलं आणि ते बरोबर निघालं की बास. त्या स्पीकरला मी रात्रीच मेसेज केला, त्याने स्लाइड बदलली, आणि व्हिडिओ चढवताना वर्णनाच्या पहिल्या ओळीत दुरुस्ती टाकली. तो नाराज झाला का? अजिबात नाही. तो म्हणाला, ‘हे कोणी हॉलमध्येच का नाही विचारलं?’ सगळे हसत होते म्हणून.

बाकीच्या कॉमेंटचे ढीग असे: खोली-माइक-वेळ, म्हणजे आपल्या, शीर्षक आणि अपेक्षा, म्हणजे पुन्हा आपल्या, टॉकचा मजकूर, आणि बोलण्याची पद्धत. पहिले दोन ढीग स्पीकरच्या मेलमध्ये जाताच कामा नयेत. ‘एसी फार होता’ हे वाचून त्याने करायचं काय? आणि एक केराचा ढीग. त्यात जातात स्पीकरच्या कपड्यांवर, दिसण्यावर, उच्चारावर लिहिलेल्या ओळी. बायकांच्या वाट्याला हे जास्त येतं, हे मला अनुभवाने माहीत आहे. माझ्या एका टॉकवर चांगल्या सहा ओळींनंतर ‘मॅमनी जरा स्माइल करावं’ होतं. उत्तर कॅरोलायना राज्य विद्यापीठात एका ऑनलाइन कोर्सवर अभ्यास झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात शिकवणाऱ्यांची बायका-पुरुष अशी नावं विद्यार्थ्यांपुढे अदलाबदल करून ठेवली होती. बाईच्या नावाला गुण कमी, मग शिकवणारं खरं कोणीही असो. मी सरासरीला हात लावत नाही, त्याचं हेही एक कारण.

केराच्या ढिगात टाकायच्या आधी एकदा नीट वाचा मात्र. कोणी कोणाशी गैर वागल्याची तक्रार कधीकधी याच फॉर्ममधून, आडून आडून येते. ती फीडबॅक नव्हे. तिच्यासाठी वेगळा फोन नंबर आणि नाव असलेला माणूस ठेवा, फॉर्मवरही तो छापा.

फॉर्ममध्ये ईमेल सक्तीचा ठेवू नका. ‘निनावी’ म्हणता आणि वर कंपनी, हुद्दा, अनुभवाची वर्षं विचारता. वीस जणांच्या वर्कशॉपमध्ये ‘टेस्टिंग लीड, अकरा वर्षं’ म्हणजे कोण, हे स्पीकरला नाव न विचारता कळतं. जे लागत नाही ते गोळाच करू नये, हे २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा यायच्या आधीही शहाणपणाचंच होतं.

उघड फीडबॅक ठेवावा का, हेही लोक विचारतात. पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवरच्या कॉन्फरन्सांमध्ये जॉइंडइन नावाची वेबसाइट वापरायचे. टॉकखाली कोणीही गुण आणि मत लिहायचं, सगळ्यांना दिसायचं. मुरलेल्या स्पीकरला ते चालतं, उलट पुढच्या कॉन्फरन्सला प्रपोजल देताना दाखवायला होतं. पहिल्यांदा बोलणाऱ्या पोरीच्या नावाखाली ते कायमचं चिकटवायला माझा हात धजत नाही. टेक कॉन्फरन्स भरवणाऱ्या बेंगळुरूच्या हॅसगीकची रीत मला जास्त पटते. तिथे प्रपोजलच उघड्यावर असतं आणि टॉक व्हायच्या आधी लोक त्याखाली प्रश्न विचारतात. ‘आयफोनचं काय?’ हा प्रश्न दीड महिना आधी आला असता, तर वजनकाट्याच्या टॉकमध्ये त्याचं उत्तर असतं. उशिरा दिलेल्या उत्तम फीडबॅकपेक्षा आधीचा बरा फीडबॅक कधीही घेईन. तुमच्याकडे तेवढा जमाव नसेल तर दोन जुने स्पीकर आणि एक नवखा, असे तिघे प्रत्येक नव्या स्पीकरची रंगीत तालीम ऐकायला बसवा. नवखा हवाच. जुने कुठे अडकणार नाहीत, तो अडकेल.

स्पीकरना कळवण्याबद्दल. सगळ्या कॉमेंट जशाच्या तशा फॉरवर्ड करणं ही पारदर्शकता नव्हे, आळस आहे. आम्ही एक वर्ष तेच केलं आणि एक चांगली स्पीकर पुन्हा कधी स्टेजवर आली नाही. तिला चाळीस चांगल्या ओळी होत्या आणि एक विषारी. तिला आजही ती एकच पाठ आहे.

आता पद्धत अशी. आठवड्याच्या आत फोन, नव्या स्पीकरला तरी फोनच. सांगली-कारखानावाल्या मुलाला मी फोन केला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य, ‘ताई, वाईट गेलं ना?’ मी म्हटलं, ‘आधी तू सांग, तुला कुठे अडकल्यासारखं वाटलं?’ हा प्रश्न आधी विचाराच. त्याने सांगितलेल्या तीन जागांपैकी दोन फॉर्ममध्येही होत्या. त्यामुळे लोकांचं मत म्हणून मी जे सांगितलं ते त्याचंच निघालं आणि लागलं नाही. मग हॉलमध्ये किती लोक होते, किती बसून राहिले, ते सांगितलं. कारखान्याचा भाग लोकांना जास्त हवा होता, ते कॉमेंट वाचून दाखवून सांगितलं. शीर्षक आम्ही बिघडवलं आणि पडद्यांचं आमचं चुकलं, याची माफी मागितली. शेवटी आयफोनची कॉमेंट. तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, ‘कारखान्यावर सगळ्यांकडे अँड्रॉइडच आहेत, त्यामुळे तो प्रश्नच आला नाही.’ मी म्हटलं, हेच वाक्य स्लाइडवर हवं होतं.

नंबर कितवा आला ते सांगू नका. विचारलं तरी नको.

एक युक्ती जुन्या स्पीकरांसाठी: तुमच्या तीन प्रश्नांखाली चौथा त्यांना स्वतःला घालू द्या. एकाने विचारलं होतं, ‘डेमो वगळून तोच वेळ प्रश्नोत्तरांना दिला असता तर चाललं असतं का?’ एवढा टोकदार प्रश्न आपल्याला सुचत नाही, आणि विचारणारा उत्तराची वाट बघत असतो.

राहिलं पुढच्या वर्षीचं बोलावणं. त्यासाठी मी दारातली कार्डं बाजूला ठेवते आणि सहा आठवड्यांनी एक मेल पाठवते, एकाच प्रश्नाचा: ‘त्या दिवशी ऐकलेलं काही कामात वापरलंत का? काय झालं?’ प्रशिक्षणाच्या क्षेत्रात डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच चार पायऱ्या मांडल्या होत्या: आवडलं का, कळलं का, वागण्यात उतरलं का, कामावर परिणाम झाला का. आपण पहिल्या पायरीवर बसून पाच स्टार मोजत असतो. या मेलला उत्तरं फार येत नाहीत. दहा-बारा आली तरी पुष्कळ. पण ज्या टॉकचं नाव सहा आठवड्यांनी कोणी न विचारता घेतं, त्या स्पीकरला परत बोलवायला कमिटीत कोणाचा विरोध नसतो.

एकदा असंच उत्तर आलं, एका ई-कॉमर्स कंपनीतल्या मुलीचं. टॉकमध्ये सांगितलं होतं की फोटोंना लेझी लोडिंग लावा, नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत ब्राउझर ते मागवणार नाही आणि पान हलकं होईल. तिने सोमवारी जाऊन सगळ्या फोटोंना लावलं. पान उलट हळू झालं. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की सगळ्यात वरच्या मोठ्या बॅनरलाही ते लागलं होतं, आणि पानाचा मुख्य भाग दिसायला किती वेळ लागतो ते माप, एलसीपी, तिथेच बिघडलं होतं. बॅनरवरून काढलं, बाकीच्यांवर ठेवलं, मग काम झालं. दारातल्या खोक्यात त्या टॉकला लाल कार्ड बहुधा एकही नव्हतं.

तो मेल मी स्पीकरला पाठवला. त्याचा तासाभरात रिप्लाय: ‘मी हे बोललो होतो हो! पण फक्त बोललो होतो, स्लाइडवर नव्हतं.’ पुढच्या वर्षी त्याच टॉकमध्ये बॅनरचा स्क्रीनशॉट होता, त्यावर लाल फुली, आणि ती स्लाइड त्याने मिनिटभर हलवली नाही.